धूरगोळे आणि आगगोळे : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात कॅम्पाच्या आसपास राहणाऱ्याला फायरिंगचा आवाज नवा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं, कमांडोंचं प्रशिक्षण इथं, आणि खानापूरपासून निपाणीपर्यंत पलटणीत कुणी नाही असं गाव शोधावं लागेल. माझे वडील पलटणीत होते. मी मात्र शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी धावून झाली की पेन्शनर सुभेदाराला बंदुकीचं विचारतात आणि मला 'हे आलं कुठून' ते विचारतात. त्यातही हातगोळ्यांबद्दल, विशेषतः धूर आणि आग यांच्या गोळ्यांबद्दल इतक्या गैरसमजुती ऐकल्या, की एकदाच लिहून टाकावं म्हटलं. बनवायची कृती इथं मिळणार नाही. ज्यांना तीच हवी आहे त्यांनी पुढं वाचून वेळ घालवू नये.

धूरगोळा म्हणजे कमी ताकदीचा हातगोळाच ना?

नाही. नेहमीचा हातगोळा फुटतो. आतला स्फोटक मसाला कवचाचे तुकडे करून चहूकडे फेकतो आणि ते तुकडे माणसं मारतात. धूरगोळा बहुतेक वेळा फुटतच नाही, तो जळतो. पत्र्याचा डबा, त्याला भोकं, आत सावकाश जळणारा मसाला. दिवाळीतलं झाड जसं जागेवर बसून फुसफुसतं तसाच हा मिनिटभर, कधी त्याहून जास्त, धूर ओकत राहतो. आगगोळाही असाच जळतो, फक्त त्याला धूर नको असतो, उष्णता हवी असते.

म्हणूनच पिन काढल्यानंतरचा अवधीही वेगळा. फुटणाऱ्या गोळ्याला साधारण ४ सेकंद, म्हणजे तो दूर जाऊन पडावा. जळणाऱ्या अमेरिकन धूरगोळ्याला जेमतेम दीड-दोन सेकंद.

यात एक तिसरा प्रकार आहे आणि सगळा घोळ त्यानंच घातलाय. पांढऱ्या फॉस्फरसचा गोळा फुटतोही, धूरही करतो आणि आगही लावतो. त्याच्याकडे पुढं सविस्तर येतो.

'ग्रेनेड' हा शब्द कुठला? मराठीत काय म्हणावं?

फ्रेंचमध्ये ग्रेनेड म्हणजे डाळिंब. आत दाण्यांसारखी दारू भरलेला गोल गोळा, म्हणून डाळिंब. आता गंमत बघा. दिवाळीत आपण ज्याला अनार म्हणतो त्या शब्दाचा फारसी अर्थही डाळिंबच. युरोपातल्या शिपायाला आणि इकडच्या दारूकाम करणाऱ्याला एकाच फळाची आठवण झाली, एकमेकांना न विचारता.

मराठीत हातगोळा हा चांगला रुळलेला शब्द आहे, वर्तमानपत्रं हातबॉम्बही लिहितात. धूरगोळा ऐकला की लगेच कळतो. आगगोळा हा शब्द मी इथं सोयीसाठी वापरतोय. पलटणीतल्या माणसांना यातलं काहीच लागत नाही, ते नंबरानं बोलतात. वडील 'छत्तीस नंबर' एवढंच म्हणायचे आणि ऐकणाऱ्याला ते कळायचं.

आपल्याकडे पूर्वी असं काही होतं का, की सगळं इंग्रजांनी आणलं?

होतं. कौटिलीय अर्थशास्त्राचं चौदावं अधिकरण उघडलं तर शत्रूला आंधळं करणाऱ्या, गुदमरवणाऱ्या धुरांचे प्रयोग सापडतात. ते सगळे खरोखर चालत असतील असं मला वाटत नाही. त्यातल्या काही कृती वाचताना वैदू आणि मांत्रिक एकाच खोलीत बसून लिहीत होते की काय अशी शंका येते. पण धूर हे लढाईचं हत्यार आहे ही कल्पना तिथं स्पष्ट आहे. चीनमध्ये १०४४ च्या सुमारास तयार झालेल्या युद्धविषयक ग्रंथात तर बंदुकीच्या दारूच्या कृतींसोबत धूर करणारे आणि आग लावणारे गोळेही आहेत. म्हणजे धूरगोळा हा फुटणाऱ्या हातगोळ्याचा धाकटा भाऊ नाही, झालाच तर थोरला.

मोगली काळात हाताने फेकायच्या पेटत्या गोळ्याला फारसीत हुक्का-ए-आतिश म्हणत. आतिश म्हणजे आग. (हुक्केरीचा याच्याशी संबंध जोडू नका. वर्गात एका पोरानं जोडला होता. ते नाव फुलांवरून आलंय असं तिथले लोक सांगतात.) १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजा वसईच्या तटाला भगदाडं पाडून वर चढू लागल्या तेव्हा फिरंग्यांच्या हातगोळ्यांनी त्यांची बरीच हानी केली.

आणि आपला बेळगावचा किल्ला. १४७३ च्या सुमारास बहामनी सुलतानाचा वजीर महमूद गावान याने त्याला वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग लावून दारूनं तट उडवला. दख्खनेत असा सुरुंग त्याआधी कुणी पाहिला नव्हता असं जुन्या फारसी तवारिखांत म्हटलंय. हातगोळ्याचा हा प्रसंग नव्हे, पण बंदुकीच्या दारूची ओळख आपल्या गावाला कधी झाली ते कळावं म्हणून सांगितलं. रोज खंदकाकडेनं जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं?

धुराचा पडदा करायची युक्ती कुणाची?

पहिला कोण ते शोधण्यात अर्थ नाही. ज्यानं ओला पाला पेटवला त्याला हे कळलंच असणार. पण नोंदलेलं एक ठळक उदाहरण १७०१ चं. स्वीडनचा तरुण राजा बारावा चार्ल्स याला रिगाजवळ ड्युना नदी ओलांडायची होती आणि समोरच्या काठावर शत्रू बसलेला. त्यानं ओला पेंढा भरलेल्या होड्या पेटवून सोडल्या, वारा अनुकूल होता, धूर समोरच्या काठावर गेला आणि फौज पार झाली.

मध्ये दोनशे वर्षं या बाबतीत फारसं काही घडलं नाही, कारण रणांगणावर धुराची उणीवच नव्हती. काळी दारू इतका धूर करायची, की चार फैरी झाल्या की आपलीच माणसं दिसत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिनधुराची दारू आली, मैदान लख्ख दिसू लागलं, मशीनगन आली आणि मग मुद्दाम धूर करायची गरज पडली. आधी नको असलेला धूर घालवायला इतकी खटपट, आणि मग तोच विकत आणायचा!

पहिल्या महायुद्धात फ्रेंच कॅप्टन बर्जे यानं जस्ताच्या संयुगांवर चालणारा धुराचा मसाला बनवला. पुढची कित्येक दशकं डब्यातले धूरगोळे त्याच्याच वळणानं चालले. त्याच युद्धातली झीब्रुगची गोष्ट मला फार आवडते. २३ एप्रिल १९१८ रोजी इंग्रज आरमारानं बेल्जियममधल्या या जर्मन बंदरावर हल्ला केला. धुराची योजना फ्रँक ब्रॉक या अधिकाऱ्याची होती आणि हा ब्रॉक इंग्लंडातल्या प्रसिद्ध फटाकेवाल्या घराण्यातला. शिवकाशीच्या शेठजींच्या मुलानं आरमारात जाऊन धूर करावा, तसंच. लहान बोटींनी धुराची भिंत उभी केली. ऐन वेळी वारा फिरला, भिंत समुद्राकडे उडाली आणि मुख्य जहाज जर्मन तोफांपुढं उघडं पडलं. ब्रॉक त्याच हल्ल्यात मारला गेला.

वारा सोडून आणखी कशावर धूर अवलंबून असतो?

हवेच्या थरांवर आणि दमटपणावर. चिकोडी-निपाणी बाजूला उसाचं पाचट जाळतात ते पाहिलंय ना? भल्या पहाटे तोच धूर शेताशेतांतून जमिनीलगत पसरून राहतो, रस्ता दिसत नाही. दुपारी बारा वाजता पेटवला तर सरळ वर निघून जातो. पहाटे जमिनीजवळची हवा थंड आणि वरची गरम असते, त्यामुळे धुराला वर जाता येत नाही. दुपारी जमीन तापली की उलटं होतं. सैन्यालाही हेच गणित. धुराच्या आडून हल्ला करायचा तर पहाट बरी.

दमट हवेचा मुद्दा जास्त रंजक आहे. फॉस्फरस किंवा जस्ताच्या गोळ्यातून जे बाहेर पडतं ते नुसत्या काजळीचं नसतं. त्याचे बारीक कण हवेतलं पाणी ओढून घेतात आणि त्यांचे थेंब होतात, म्हणजे ते अर्धं धुकंच. एकच गोळा एप्रिलमधल्या सौंदत्तीच्या माळावर फेकला आणि जुलैमध्ये जांबोटीच्या घाटात फेकला, तर जांबोटीत तो कितीतरी दाट दिसेल. अर्थात जुलैमध्ये जांबोटीत मुळात धूरगोळ्याची गरज काय, हा प्रश्न उरतोच.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींकडे कसले हातगोळे होते?

सुरुवातीला जवळजवळ नव्हतेच. १९१४ मध्ये फ्रान्समध्ये उतरलेल्या हिंदी फौजेसमोर जर्मन खंदकांतून हातगोळे येऊ लागले तेव्हा आपल्या सॅपर्सनी, म्हणजे फौजेतल्या इंजिनियर तुकड्यांनी, जॅमचे रिकामे डबे घेऊन कामचलाऊ गोळे बनवले. डब्यात स्फोटक, खिळे-पत्र्याचे तुकडे, वर वात. १९१५ मध्ये बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्सचा गोळा आला, तोच तो खाचाखाचांचा, अननसासारखा दिसणारा. युद्ध संपेपर्यंत तो कोट्यवधींनी बनला.

मराठ्यांचं पहिलं महायुद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झालं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून कुट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीनं कुट पडलं. त्या भागातल्या उन्हानं आणि दमटपणानं हातगोळ्यांचा मसाला खराब व्हायचा. म्हणून मिल्सच्या गोळ्याचा लाखेनं बंद केलेला खास नमुना निघाला आणि त्याला नाव पडलं ३६ एम. यातला एम म्हणजे मेसोपोटेमिया. वडिलांचा 'छत्तीस नंबर' तो हाच. भारतीय सैन्यात तो एकविसाव्या शतकापर्यंत टिकला. ते एम कशाचं, हे मात्र वडिलांना ठाऊक नव्हतं. मला कळलं तोवर ते गेले होते. ही गोष्ट त्यांना सांगायची राहून गेली याचं वाईट वाटतं.

११४ मराठा पलटण १९१८ च्या ऑक्टोबरात इराकमधल्या शरकतला लढली. पुढं १९२२ मध्ये याच पलटणीची प्रशिक्षण पलटण झाली आणि ती बेळगावला आली. सेंटरमधलं शरकतचं स्मारक त्या लढाईचं.

नामदेव जाधवांनी धूरगोळे वापरले होते असं ऐकलं. खरं?

खरं नाही, पण गैरसमज कसा झाला ते समजतं. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. शिपाई नामदेव जाधव हे १/५ मराठा पलटणीच्या (पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन) एका कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. नदी ओलांडताना कंपनी कमांडरबरोबरच्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले. जाधवांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून मागं आणलं. मग एकटे परत गेले. टॉमीगननं एक मशीनगन गप्प केली, हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकली आणि हातगोळ्यांनी आणखी दोन ठाणी संपवली. मध्ये गोळे संपले तेव्हा सरपटत बांधावर येऊन साथीदारांकडून नवे घेतले. शेवटी बांधावर उभं राहून, तोफगोळे पडत असताना, मराठ्यांची युद्धगर्जना करत बाकीच्यांना पलीकडे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस. हे गोळे फुटणारे होते.

त्याआधी, १० जुलै १९४४ रोजी, वरच्या तिबर खोऱ्यात ३/५ मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनीही मशीनगनवर हातगोळाच टाकला होता. पुढं मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून ते बंदुकीच्या दस्त्यानं लढले आणि तिथंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सेनिओच्या त्या हल्ल्यात काठावरच्या जर्मन ठाण्यांवर आगीच्या झोताच्या गाड्याही वापरल्या गेल्या. 'धूर आणि आग' हा भाग कथेत बहुधा तिथूनच शिरला असावा.

पांढऱ्या फॉस्फरसबद्दल इतकी चर्चा का?

कारण तो एकाच वेळी तीन कामं करतो आणि वापरणारा त्यातलं सोयीचं एक कबूल करतो.

१६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड नावाच्या किमयागारानं सोनं मिळवायच्या नादात ढीगभर मूत्र आटवलं आणि सोन्याऐवजी अंधारात चमकणारा मेणासारखा पदार्थ हाती आला. तो हवेत ३० अंशांच्या आसपास आपोआप पेटतो. एप्रिलमधल्या बेळगावच्या दुपारी म्हणजे काडीही लागत नाही. म्हणून तो पाण्याखाली ठेवावा लागतो. एकोणिसाव्या शतकात आगकाड्यांच्या कारखान्यांत त्याच्या वाफांनी कामगारांच्या जबड्यांची हाडं सडायची. १९०६ च्या बर्न करारानं काड्यांत तो वापरायला बंदी आली. म्हणजे काडीत चालत नाही असं ठरलं, आणि दहाएक वर्षांत तोच खंदकांत हातानं फेकला जाऊ लागला. इंग्रजांचा २७ नंबर हा तसला गोळा. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याच्या डब्यातला ७७ नंबर आला, त्यामागून ८० नंबर. तो १९८२ च्या फॉकलंड युद्धातही होता.

सैनिकांना तो का आवडला? डब्यातल्या धूरगोळ्याला पडदा उभा करायला वेळ लागतो आणि तेवढ्यात माणूस मरतो. फॉस्फरसचा गोळा फुटता क्षणी पांढरी भिंत उभी राहते. पण त्याच क्षणी जळते तुकडे उडतात, कातडीला चिकटतात, खोल जातात, आणि वर ओली पट्टी ठेवून विझवले तरी हवा लागली की पुन्हा पेटतात. बंकरमध्ये टाकला तर आतल्याला बाहेर यावंच लागतं. कागदोपत्री मात्र तो 'धुराचा' गोळा.

दाखवायला धूर आणि वापरायला आग, हे दुखणं शंभर वर्षं जुनं आहे. २००४ मध्ये इराकमधल्या फलुजात अमेरिकनांनी तो माणसांवर वापरला, आधी नाकारलं आणि २००५ मध्ये मान्य केलं. २००८-०९ मध्ये गाझात तोफगोळ्यांतून वस्तीवर पडलेल्या फॉस्फरसवरून गदारोळ झाला. आता बरीच सैन्यं तांबड्या फॉस्फरसकडे वळली आहेत. तो आपोआप पेटत नाही, सांभाळायला सोपा.

मग यावर आंतरराष्ट्रीय कायदा नाही का?

आहे, आणि त्यातच पळवाटही आहे. जिनिव्हात १९८० मध्ये काही पारंपरिक शस्त्रांवर निर्बंध घालणारा करार झाला, त्याचा तिसरा प्रोटोकॉल, म्हणजे जोडकरार, आग लावणाऱ्या शस्त्रांचा. २ डिसेंबर १९८३ पासून तो लागू आहे आणि १९८४ मध्ये भारतानं करार मान्य केला. नागरिकांवर आग लावणारी शस्त्रं वापरायची नाहीत, हे त्याचं सार. पण आग लावणारं शस्त्र कोणतं? तर मुळात त्या हेतूनं बनवलेलं. धूर, उजेड किंवा खूण करण्यासाठी बनवलेलं असेल आणि जाता जाता आगही लागत असेल, तर ते या व्याख्येत बसत नाही.

कागदावरची रेघ आणि जमिनीवरची रेघ यांत किती अंतर पडतं हे सीमाभागात राहणाऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको.

बाटलीतला आगगोळा, म्हणजे मोलोटोव्ह कॉकटेल, रशियनांचा का?

उलट, रशियनांवर फेकलेला. बाटलीत पेट्रोल भरून रणगाड्यावर टाकायची पद्धत स्पेनच्या यादवीत होतीच. १९३९ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत संघानं फिनलंडवर हल्ला केला, शहरांवर बॉम्ब पडले आणि परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह म्हणाले आम्ही तर भुकेल्या लोकांना भाकरी टाकतोय. फिनिश लोकांनी बॉम्बना 'मोलोटोव्हची भाकरीची टोपली' म्हटलं आणि जेवणासोबत पेय हवं म्हणून ही बाटली. सरकारी मद्याच्या कारखान्यानं अशा साडेचार लाखांच्या आसपास बाटल्या भरल्या. असला खवचटपणा आमच्या शहापुरातल्या कट्ट्यावरच्यांनाही जमेल, फक्त कारखाना नाही.

इंग्लंडमध्ये अजून जमिनीत बाटल्या सापडतात ते काय प्रकरण?

१९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेऊन परतलेल्या इंग्रज फौजेकडे रणगाडे अडवायला काही उरलं नव्हतं. तेव्हा फॉस्फरस असलेली, फुटली की आपोआप पेटणारी काचेची बाटली काढली. तिचा अधिकृत नंबर ७६. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत अशा ६० लाखांवर बाटल्या तयार झाल्या आणि गावोगावच्या होमगार्डांना वाटल्या. होमगार्ड म्हणजे शेतकरी, पोस्टमन, निवृत्त मास्तर. घरात ठेवायची भीती, म्हणून बऱ्याच पेट्या ओढ्याकाठी, झाडाखाली पुरल्या. शत्रू आलाच नाही. पुरणारे गेले, जागा विसरल्या. आजही पाया खणताना जेसीबीच्या दाताला पेटी लागते आणि खड्ड्यातून पांढरा धूर निघतो.

थर्माइटचा गोळा आणि रेल्वेचं थर्मिट वेल्डिंग एकच का?

रसायन एकच, हो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यानं १८९५ मध्ये याचं पेटंट घेतलं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या गंजातला ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि त्या झटापटीत इतकी उष्णता निघते की लोखंड पाण्यासारखं वितळून खाली येतं. १८९९ मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ यानं जोडले. लोंढ्याकडे रुळांवर रात्री काम चालू असताना जो डोळे दिपवणारा उजेड दिसतो तो हाच. बाहेरचा ऑक्सिजन लागत नसल्यानं पाण्यात टाकूनही तो विझत नाही.

सैन्यात याचा उपयोग लोकांना वाटतो तसा माणसांवर क्वचितच. अमेरिकन एएन-एम१४ हा गोळा सुमारे ४० सेकंद जळतो आणि तापमान २,२०० अंशांवर जातं; लोखंड १,५३८ लाच वितळतं. काम काय, तर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून आपली किंवा सापडलेली यंत्रं निकामी करणं. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत अमेरिकन रेंजर्स पॉइंत-द्यू-ऑकचा कडा चढून वर गेले तर तोफा जागेवर नव्हत्याच. लिओनार्ड लोमेल आणि त्याचा एक साथीदार पायवाटेनं शोधत निघाले, तेव्हा आत एका झाडीत पाच तोफा लपवलेल्या दिसल्या. जर्मन थोड्याच अंतरावर होते. यांच्याकडे दोनच थर्माइट गोळे होते. ते दोन तोफांच्या फिरत्या भागांवर ठेवले, मागं पळत जाऊन आणखी आणले, उरलेल्यांचीही तीच गत केली. ना स्फोट, ना आवाज. सगळ्या सांधे वितळलेल्या तोफा!

रंगीत धूर कशासाठी?

खुणेसाठी. १९४२ पासूनचा अमेरिकन एम१८ लाल, पिवळा, हिरवा आणि जांभळा अशा चार रंगांत येतो. आतला मसाला मुद्दाम मंद जळणारा असतो, कारण रंग जळायचा नसतो, त्याची वाफ होऊन बाहेर हवेत पुन्हा कण व्हायचे असतात. आच जास्त झाली की रंग जळून करडा धूर येतो. फोडणी करपल्यासारखं.

व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरला 'आम्ही इथं आहोत' हे सांगायला हाच गोळा. शत्रूही वायरलेस ऐकायचा आणि सांगितलेल्याच रंगाचा धूर दुसरीकडे सोडायचा. मग रीत ठरली, की खालच्यानं रंग सांगायचाच नाही, नुसता धूर सोडायचा. वरून वैमानिक म्हणणार 'जांभळा दिसतोय', आणि खालून 'बरोबर'.

मिरचीचा हातगोळा खरंच आहे?

आहे. डीआरडीओच्या, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या, तेजपूरच्या प्रयोगशाळेनं भूत जोलोकिया मिरचीपासून गर्दी पांगवायचा गोळा बनवला, साधारण २०१० ची गोष्ट. आमच्या संकेश्वरी मिरचीला का नाही घेतलं, असं मला हुक्केरी तालुक्यातल्या एकानं अगदी गांभीर्यानं विचारलं. उत्तर असं, की संकेश्वरीचं काम रंग आणि चव देणं, शत्रू रडवणं नव्हे. रासायनिक शस्त्रबंदी कराराप्रमाणे असले डोळे झोंबवणारे पदार्थ पोलिसांना दंगलीत चालतात, सैन्याला युद्धात चालत नाहीत. हे उलटं वाटतं, पण तसंच आहे.

आज आपल्या सैन्याकडे काय आहे?

फुटणाऱ्या गोळ्यांत ३६ नंबरची जागा आता नागपुरात बनणारा मल्टी-मोड हातगोळा घेतोय. १० लाखांचा करार ऑक्टोबर २०२० मध्ये झाला आणि २४ ऑगस्ट २०२१ रोजी पहिला साठा सोपवला. धुराच्या आणि उजेडाच्या वस्तू मुख्यतः पुण्याजवळच्या देहूरोडच्या कारखान्यात बनत आल्या आहेत. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आहे.

साध्या धुराला आता नवी अडचण आलीय. थर्मल कॅमेऱ्याला शरीराची, इंजिनाची उष्णता धुरापलीकडूनही दिसते. म्हणून नवे धूर असे बनवतात, की डोळ्यांबरोबर कॅमेराही आंधळा व्हावा.

डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत सोडलेला पिवळा धूर सैन्याचाच का? आणि प्री-वेडिंगवाल्यांचा?

१३ डिसेंबर २०२३ चा तो धूर बाजारात मिळणाऱ्या रंगीत कांडीचा होता. राजहंसगडावर नवरा-नवरी हातात धरून फोटो काढतात तीही त्याच जातीची. एम१८ ची लांबची, गरीब पाव्हणी म्हणा. पण मसाला आत जळतच असतो, नळी तापते. फेब्रुवारीत गडावरचं गवत वाळलेलं असतं. बंद खोलीत कुठलाही धूर सोडू नका. जस्ताच्या जुन्या लष्करी धुरानं तर बंद जागेत फुफ्फुसं कायमची निकामी झाल्याची उदाहरणं आहेत.

शेतात किंवा पाया खणताना जुना गोळा सापडला तर?

हात लावू नका, हलवू नका, धुऊन बघू नका. फायरिंग रेंजच्या आसपासच्या गावांनी तर पोरांना हे आधीच सांगून ठेवावं. गंजलेला म्हणजे निकामी, असं नसतं. पिन गंजून तुटायला आलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. फॉस्फरसचा असेल तर पाण्यात वर्षानुवर्षं शांत पडून राहील आणि वाळला की पेटेल. जागेवर खूण करून सगळ्यांना मागं घ्या आणि ११२ ला फोन लावा. आणि भंगारवाल्याला दाखवून किती मिळतील ते विचारू नका. हसू नका, हे विचारणारे भेटलेत.